येळवशीला दार लावून बसलेली माणसं

परवा पुण्याहून माझ्या चुलतभावाच्या मुलाचा, सुमितचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं घरात कुणाचं तरी बरंवाईट झालं. "आत्या, मला नांदेडला टाकलंय," तो म्हणाला. टाकलंय म्हणे. केर टाकतात, माणूस बदलीवर जातो. तसं मी त्याला सुनावलंही. त्यावर तो ओशाळं हसला आणि म्हणाला, "पण काय असतं गं तिथं?" आता ह्याला काय उत्तर द्यायचं? उभी हयात मी मराठवाड्यात भूगोल शिकवला, आधी किनवटच्या आश्रमशाळेत, मग हिमायतनगरला, शेवटी नांदेडात; आणि घरचाच पोरगा विचारतो, काय असतं. मी म्हटलं, "माणसंच असतात रे. फक्त नाव विचारायच्या आधी जेवलास का विचारतात." फोन ठेवला, पण डोकं तापलेलंच राहिलं. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. सुमितनं वाचलं तर उत्तम, नाही वाचलं तर नांदेड त्याला शिकवायला समर्थ आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी उकरून काढायला नको. मी जन्मानं इथली नाही. मी गुहागरकडची, कोकणातली. बाबा सरकारच्या त्या खात्यात होते जे जमिनीच्या पोटात पाणी कुठं आहे ते शोधतं. मी नववीत असताना त्यांची लातूरला बदली झाली आणि आमच्या घरात सुतक आल्यासारखं झालं. शेजारपाजारचे भेटायला आले, बाबांच्या पाठीवर हात ठेवून गेले. थोरल्या काकूनं आईला नारळांचं पोतं बांधून दिलं, सोलं दिली, तांदूळ दिले. "तिकडे लोक रोज आंघोळ करतात का गो?" असंही एकीनं विचारलं. बाबांनी तर मनाशी घोकूनच ठेवलं होतं: तीन वर्षं, डोळे मिटून काढायची. कुणाशी भांडण नाही, कुणाशी जवळीक नाही, कुणाच्या घरी जेवायला जाणं नाही, कारण मग आपल्यालाही बोलवावं लागतं. सगळं सामान सोडायचं नाही, कारण ते परत बांधावं लागतं. लातूरच्या घरात आमची चांगली भांडी शेवटपर्यंत खोक्यांतच राहिली. आई त्या खोक्यांवर चादर घालून त्यांचा बसायला उपयोग करायची.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत शिवकांताकाकूंच्या घरातल्या पुढच्या खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. गंजगोलाई म्हणजे मधोमध देवीचं देऊळ, भोवती गोल बाजार आणि त्यातून चहूकडं फुटलेले रस्ते. एकावर भांडी, एकावर कापड, एकावर मिरची-मसाला. नवा माणूस हमखास चुकतो आणि हिंडून हिंडून पुन्हा देवीपुढंच येतो. काकूंच्या यजमानांचं, विश्वनाथअप्पांचं तिथं भुसाराचं दुकान होतं आणि गावाबाहेर काळीभोर जमीन होती. घर लिंगायतांचं. अप्पा सकाळी आंघोळ करून कपाळभर विभूती लावायचे, तळहातावर लिंग घेऊन पूजा करायचे आणि एक शब्द न बोलता दुकानात जायचे. बोलायचं खातं काकूंकडं. त्या निलंग्याकडच्या; माहेर कानडी बोलणारं, सासर मराठी, आणि दुकानातल्या हमालांशी दखनी. रागावल्या की तिन्ही भाषा एकदम यायच्या. आम्ही उतरलो त्या दिवशी कमरेवर हात ठेवून त्या दारात उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, "समुद्राकडून आलाव म्हणं. हितं ऊन लई लागंल तुमाला. लागू द्या. उन्हानं माणूस मरत न्हाई, जरा वाळतंय." आईला हसावं की रडावं कळेना. मला मात्र बाई पहिल्या दिवशीच आवडली.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. पहाटे काकूंच्या स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, थप थप, मग परात फिरल्याचा. लांबून डाळमिलीची धडधड यायची आणि वाऱ्याबरोबर तुरीच्या कोंड्याचा वास. आमच्या घरात भात, त्यामुळं आईला ज्वारीची भाकरी येत नव्हती. तिची पहिली भाकरी परातीतच दुभंगली, दुसरी तव्यावर टाकताना. काकू उंबऱ्यातून बघत होत्या. "पीठ दाबू नका, सायेबीणबाई, त्याला जरा रागावून मळा," म्हणाल्या आणि सरळ आत येऊन बसल्या. बाबांचा नियम पहिल्या आठवड्यातच मोडला, पण ते कचेरीत होते. करडईच्या तेलातली अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची लाल चटणी, वर कच्चा कांदा बुक्कीनं फोडून. मी दोन घरचं जेवून गुटगुटीत झाले. बाबा म्हणायचे, "हिला हवा मानवली." हवा नव्हे, भाकरी.

आता ज्या गोष्टीवरून आमच्या घराला लातुरात नाव पडलं, ती सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे तिकडची येळवस, जवळ आली तशी गल्लीत गडबड सुरू झाली. बायका ओट्यावर बसून तुरीच्या, वाटाण्याच्या ओल्या शेंगा सोलत होत्या, हरभऱ्याचे घाटे फोडत होत्या. घरोघर नव्या मडक्यात ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील आंबत ठेवली होती. आदल्या दिवशी काकू येऊन आईला सांगून गेल्या, "उद्या येळवस हाय. सकाळी शेताकडं जायचं. तुमी तिघं आमच्याच गाडीत बसा." आई "बरं" म्हणाली, आपलं चांगलं दिसावं म्हणून. आमच्याकडं अवसेला कुणी नवं कापड अंगाला लावत नाही, वेशीबाहेर प्रवासाला निघत नाही. अवसेच्या दिवशी परक्याच्या रानात जाऊन जेवायचं, ही कल्पनाच तिला कशीतरी वाटली. तिनं बाबांना काही सांगितलं नाही आणि विषय मनातून काढून टाकला.

सकाळी दूधवाला आला नाही. बाबा किटली घेऊन बाहेर पडले आणि गेल्या पावली परत आले. चेहरा उतरलेला. "गोलाईत चिटपाखरू नाही," ते म्हणाले. "एक दुकान उघडं नाही. टांगा नाही, रिक्षा नाही, चहाची टपरीसुद्धा बंद." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कर्फ्यू लागलाय." तरुणपणी त्यांनी कुठंतरी दंगल पाहिली होती आणि तेव्हापासून रिकामा रस्ता दिसला की ते तडक घर गाठायचे. त्यांनी कडी घातली, दाराला पलंग लावला, खिडक्या ओढून घेतल्या आणि रेडिओ बारीक करून कानाशी धरला. रेडिओवर हरभऱ्यावरच्या घाटेअळीविषयी सांगत होते. "बातमी दाबून ठेवलीय," बाबा म्हणाले.

इतक्यात दारावर थाप पडली. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज, बायकांचं बोलणं, आणि त्या सगळ्यावर काकूंचा खणखणीत सूर: "ओ सायेब, उठलाव का न्हाई? गाडी जुपून हुबी हाय." मी म्हटलं, "बाबा, काकू आहेत." बाबांनी तोंडावर बोट ठेवलं. "असंच असतं," ते पुटपुटले. "ओळखीच्या माणसाला पुढं करतात." आई भिंतीकडं बघत होती, तिला आदल्या दिवशीचं आठवलं असणार, पण आता बोलायची सोय राहिली नव्हती. काकूंनी बराच वेळ दार वाजवलं. मग घुंगरं लांब गेली. आम्ही दिवसभर अंधारात बसून बिनदुधाचा चहा घेतला आणि मुगाची खिचडी खाल्ली.

दिवे लागायच्या सुमारास गल्ली परत भरली. हसणं, आरडाओरडा, कुणी गातंय. कर्फ्यूत कोण गातं? बाबांनी पलंग सरकवून दार उघडलं तर समोर काकू. हसत नव्हत्या. "बरं म्हणलाव ना बाई?" त्या आईला म्हणाल्या. "तुमच्या नावाची पानं मांडली म्या. येळवशीला बोलावल्यालं माणूस आलं न्हाई तर रान रुसतंय." मग बाबांनी, सरकारी माणसाच्या रुबाबात, कर्फ्यूचं सांगितलं. काकूंना आधी कळलंच नाही. कळलं तशा त्या ओट्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की अप्पा, जे कधी बोलत नसत, ते बाहेर येऊन विचारू लागले काय झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गोलाईला माहीत झालं. बाबा भाजी आणायला गेले तरी बागवान विचारायचा, "काय कर्फ्यूवाले सायेब, मेथी देऊ?" बाबांनी ते मनाला लावून घेतलं. पुढची चारही वर्षं येळवशीला ते घरीच थांबायचे, कचेरीचं काम काढून बसायचे.

आई आणि मी मात्र पुढच्या वर्षीपासून जायला लागलो. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप केलेली असते, तिच्यात चुन्यानं रंगवलेले दगड मांडतात, ते पांडव. त्यांची पूजा झाली की आंबील शिंपडत शेताभोवती फेरी घालायची आणि एक आरोळी द्यायची, अर्धी कानडी, जिचा अर्थ देणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग जेवण. भज्जी म्हणतात तिथं, पण ती तळलेली भजी नव्हेत. सगळ्या ओल्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या, बेसन असं शिजवून केलेलं दाट कालवण. त्याबरोबर बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर, आणि वर आंबील, तांब्यानं. ज्याला रान आहे तो वाढतो, ज्याला नाही तो जेवतो. वाटेनं चाललेला माणूस, मग तो शेजारी असो, रेशनवाला असो की चुकलेला वाटसरू, हाक मारून आत घेतलाच पाहिजे. ह्या गावात सणाच्या दिवशी दुकानांना कुलपं असतात आणि बांध उघडे असतात. हे मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

पाठ्यपुस्तकावरून आठवलं. शाळेच्या भूगोलात मराठवाड्याला जेमतेम अर्धं पान होतं आणि त्यात अवर्षण, मागास, उष्ण व कोरडे असे शब्द. पुढं मीच तो धडा शिकवायला उभी राहिले तेव्हा पुस्तक मिटून ठेवायचे आणि पोरींना म्हणायचे, चला बाहेर. सुमित, तूही ऐक. ही जमीन काळी, चिकट आणि मानी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा, आणि पाऊस झाला की तीच माती चपलेला असं धरते की चप्पल तिथंच सोडून पुढं जावं लागतं. खाली काळा कातळ. बाबा नकाशे पसरून सांगायचे की त्या कातळाच्या सांध्यांत पाणी असतं, असलं तर. ऊन म्हणशील तर आहे. मार्चात सुरू होतं आणि मेमध्ये दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पण त्याच उन्हात कैऱ्या पिकतात, आणि थंडीत पहाटे हुरड्याच्या आगटीभोवती बसलेला माणूस महाबळेश्वराचं नाव काढत नाही. लातूरकडं उघडं पठार आणि मांजरा नदी, नांदेडला गोदावरी, आणि उत्तरेला किनवटकडं गेलास की सागाचं दाट जंगल, जिथं पावसाळ्यात माझ्या शाळेच्या पत्र्यांवर असा पाऊस वाजायचा की शिकवणं बंद करावं लागे. कोरडा प्रदेश म्हणे. ज्यांनी लिहिलं ते औरंगाबादच्या पुढं आले नव्हते, हे मी तेव्हाही म्हणायचे आणि आजही म्हणते.

बारावीनंतर मला भूगोल घेऊन बी.ए. करायचं होतं. काकूंची थोरली नणंद नांदेडला राहायची, त्या आधारावर बाबांनी मला तिथल्या कॉलेजात आणि मुलींच्या वसतिगृहात घातलं. ते मनातून खूश होते, कारण वसतिगृह म्हणजे परत बांधायला सोपं सामान. माझ्या खोलीत नसीम होती, मूळची देगलूरची, उर्दू शाळेत शिकलेली, मराठी माझ्यापेक्षा चुरचुरीत बोलणारी. पहिल्याच रविवारी मी पुस्तक घेऊन बसलेली बघून तिनं ते ओढून घेतलं. "आल्यापासून काय वाचून राहिलीस? गाव बघितलंस का?" मी म्हटलं, रस्ते कळत नाहीत, चुकेन. "चुकली तर चुकली. भूक लागली की गुरुद्वाऱ्यात जायचं, तिथं कुणाला नाव विचारत नाहीत."

आणि खरंच तसंच ते शहर मला कळलं, जेवताजेवता. गुरुद्वाऱ्यात लंगरला पंगतीत बसलो तर माझ्या एका बाजूला अमृतसरहून आलेलं म्हातारं जोडपं, दुसऱ्या बाजूला आदिलाबादकडची तेलुगू बाई, आणि वाढणारा तरुण सरदार मला अस्सल नांदेडी मराठीत म्हणाला, "ताई, डाळ घ्या अजून, लाजू नका." तो तिथंच जन्मलेला, त्याचा पणजाही तिथलाच. नसीमच्या मावशीकडं इतवारा भागात बगारा खाना, म्हणजे खड्या मसाल्यांच्या फोडणीचा भात, आणि आंबट दालचा खाल्ला. काकूंच्या नणंदेनं श्रावणी सोमवारी गोदावरीच्या घाटावर नेलं आणि मग घरी वरण-पुरण वाढलं. बाजारात एक अत्तरवाला होता, तो गिऱ्हाईक बघून भाषा बदलायचा, आणि मला बघून एकदा कोकणीच्या जवळपासचं काहीतरी बोलला. दर्ग्याच्या उरुसाला आमच्या वर्गातली निम्मी मुलं जायची आणि नसीम दसऱ्याला सोनं वाटायची. भांडणंही व्हायची, नाही असं नाही. जिथं घरं चिकटून असतात तिथं भांडी वाजतात. पण संध्याकाळी नदीवर सगळे एकाच वाऱ्याला बसायचे. दुसऱ्या वर्षी सहलीला किनवटला गेलो, तिथल्या आश्रमशाळेतल्या गोंड आणि बंजारा पोरींनी आम्हाला त्यांच्या भाषांत मोजायला शिकवलं, आणि परतीच्या गाडीत मी ठरवून टाकलं की शिकवायचं ते इथंच. हे मी नसीमशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात मी येळवशीसाठी लातूरला आले, तर घरात पेढे. बाबांची बदली झाली होती, रत्नागिरीला. तीन वर्षांची पाच झाली होती आणि ह्या पाच वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. "सुटलो," ते म्हणाले. "तुझं नाव तिकडच्या कॉलेजात घालतो. तुझी पेटी मागवून घेऊ." मी पेढा खाली ठेवला आणि म्हटलं, मी येणार नाही. बाबांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्यांनी समजावलं, मग आवाज चढवला. वर्ष वाया जाईल हे कारण त्यांनी एका वाक्यात उडवलं. मी किनवटचं सांगितलं, तर म्हणाले, "जंगलात? एकटी मुलगी?" आई वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होती. शेवटी बाबांनी विचारलं, "इथं कोण आहे तुझं?" इतकी माणसं होती, पण नातं काय सांगायचं? भाडेकरू? मैत्रीण? रत्नागिरीला गेले असते तर मी कुणाची तरी मुलगी म्हणून जन्म काढला असता. इथं मी माझी होते, आणि ते माझं असणं मला सोडायचं नव्हतं. काकूंकडं गेले तर त्या तुरी सोलत म्हणाल्या, "बापलेकीत म्या पडणार न्हाई. पर तू रडू नगंस. रडून सांगितल्यालं कुणी ऐकत न्हाई."

बाबांच्या जागी येणारे जाधवसाहेब आणि त्यांची बायको येळवशीच्या आदल्या दुपारी साताऱ्याहून येऊन दाखल झाले. नवराबायको दोघंच. आम्ही जाईपर्यंत माडीवरच्या खोलीत राहणार होते. चहा घेताना बाबांनी त्यांना गाव समजावून सांगितलं. मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. ऊन असं, पाणी तसं. "कुणात मिसळू नका, जाधव. लोक वाईट नाहीत, पण एकदा गेलात की अडकता. कुणी बोलावलं की गोड बोलून टाळायचं, नाहीतर सरळ दार लावून घ्यायचं. वर कुणी ओळखीचं असेल तर आजपासूनच प्रयत्नाला लागा." जाधव मान हलवत होते. त्यांची बायको खिडकीतून बाहेर बघत होती, आणि तिच्या तोंडावर माझ्या आईचं पाच वर्षांपूर्वीचं तोंड होतं. मला इतका संताप आला की हातातली चहाची किटली मी ओट्यावर आपटली.

दुसऱ्या दिवशी येळवस. सकाळी गोलाई रिकामी झाली. आमच्याकडं बाबा खोकी दोरीनं आवळत होते. चांगल्या भांड्यांची खोकी तर कधी सुटलीच नव्हती. काकू नवं लुगडं नेसून, आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन अंगणात आल्या आणि माडीकडं तोंड करून हाक मारली, "ओ नवे सायेब, ओ बाई, चला रानाकडं." वर खिडकी लागली. मग कडी घातल्याचा आवाज आला. काकूंनी पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. मी त्यांच्याकडं बघत होते. त्या बाईचं हसू माझ्या डोळ्यांदेखत मावळलं. "ह्या खोल्यांना दार लावायची सवयच लागली बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि गाडीकडं वळल्या.

मी जिना चढून गेले आणि दोन्ही हातांनी दार वाजवलं. "जाधवकाकू, दार उघडा. दंगल नाही, कर्फ्यू नाही, कुणी काही मागायला आलं नाही. जेवायला बोलवतायत." आतून कुजबुज. मी वाजवत राहिले. शेवटी दार बोटभर उघडलं आणि जाधवबाई म्हणाल्या, "अहो पण साहेबांनीच सांगितलंय..." मी म्हटलं, "साहेब माझे वडील आहेत. पाच वर्षं ते ह्या घरात राहिले आणि एकदाही त्या रानात गेले नाहीत. त्यांना काय विचारता? मला विचारा." बोलताना माझं लक्ष खाली गेलं. जिन्याच्या पायथ्याशी बाबा उभे होते, हातात दोरी तशीच. जाधवबाईंनी दार थोडं आणखी उघडलं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी विचारलं, "तुम्ही इथल्याच का?"

"हाव," मी म्हणाले.

मग खाली ओट्यावर बसलेल्या आईनं हातातली कपबशी वर्तमानपत्रासकट खाली ठेवली, पदर सारखा केला, चपला पायात सरकवल्या आणि अंगणात जाऊन गाडीत बसली. जाधवबाई तिच्या मागोमाग उतरल्या, आणि जाधवसाहेब बाबांकडं न बघता आपल्या बायकोच्या मागोमाग. बाबांना कुणी चला म्हटलं नाही. काकूसुद्धा म्हणाल्या नाहीत. गाडी वळणावर गेली तेव्हा मी मागं पाहिलं. ते अजून अंगणातच होते.

रानात त्या दिवशी मी पानावरची भज्जी नुसती चिवडत बसले. मी बोलून बसले होते आणि आता त्याचं काय होणार हे कळत नव्हतं. उन्हं कलायला लागली, लोक आंबील पिऊन झाडांखाली आडवे झाले, आणि बांधावरून एक माणूस येताना दिसला. शर्ट पँटीबाहेर, बूट मातीनं जड झालेले, एका हातात कुणीतरी दिलेले हरभऱ्याचे डहाळे. बाबा. ते घरातून केव्हा निघाले कोण जाणे. अंतर काही फार नव्हतं. पण त्या रस्त्यानं येळवशीला पायी आलेला माणूस सरळ पोचेल कसा? पहिल्याच शेतात त्यांना ओढून नेलं होतं. ते नाही म्हणाले, तर त्या घरच्या म्हातारीनं हातच धरला. तिथून सुटले तर पुढच्या बांधावर बागवान, ज्यानं त्यांना कर्फ्यूवाले सायेब म्हणून छळलं होतं; तो कुणाच्या तरी रानात पाहुणा होता आणि त्यानंच हाक मारली. त्याच्या पुढच्या शेतात त्यांच्याच कचेरीतला शिपाई. बाबा काकूंच्या कोपीपाशी येऊन उभे राहिले तेव्हा त्यांच्या मिशीला आंबील लागली होती. काकूंनी काही न विचारता पान वाढलं. झाकून ठेवलेलं होतं ते. बाबा म्हणाले, "आता जागा नाही हो पोटात." "जागा करा," काकू म्हणाल्या. आणि त्यांनी केली.

जेवून हात धुताना ते माझ्याजवळ आले. त्यांनी समोरच्या काळ्या रानाकडं पाहिलं, ज्याच्या पोटातलं पाणी त्यांनी पाच वर्षं शोधलं होतं. मग म्हणाले, "मला कुणी नाव विचारलं नाही गं." एवढंच. संध्याकाळी पेटते टेंभे घेऊन पोरं शेताभोवती धावली तेव्हा बाबा आईच्या शेजारी उभे राहून बघत होते.

लोकांना वाटतं, तिथून बाबा बदलले वगैरे असणार. काही बदलले नाहीत. रत्नागिरीला जाऊन म्हातारपणापर्यंत ते उन्हाबद्दलच बोलत राहिले. पण येळवशीच्या दुसऱ्या दिवशी ट्रक भरून झाला, आई काकूंच्या गळ्यात पडून रडली, आणि बाबा पुढच्या सीटवर चढता चढता थांबले. जाधवांना त्यांनी जवळ बोलावलं. मी माझ्या पुस्तकांचं खोकं, जे बाबांनी ट्रकात चढवायला सांगितलं नव्हतं, ओढत काकूंच्या खोलीकडं नेत होते, तरी मला स्पष्ट ऐकू आलं. "परवा मी तुम्हाला बरंच काही सांगितलं, जाधव," बाबा म्हणाले. "ते सगळं सोडून द्या. एकच लक्षात ठेवा. इथं अवसेला दार लावायचं नाही."